मानवी जीनोमची सिद्ध संहिता : पाठचिकित्सेच्या दृष्टीनें परीक्षण

लातूरचे एक संग्राहक स्नेही आपल्या घराण्याची वंशावळ दाखविण्यास मध्यंतरी नांदेडास आले होते. वंशावळ चांगली होती. तीन हातांनीं लिहिलेली, कांहीं मोडी व कांहीं बाळबोध, आणि मधल्या दोन पिढ्यांच्या जागीं कसरीनें पाडलेलें भोंक. या भोंकावर उपाय म्हणून त्यांनीं एक छापील कागद सोबत जोडला होता. लाळेची तपासणी करून कोणा व्यापारी संस्थेनें तो दिला असून, त्यांत त्यांच्या देहांतील डीएनएचा अमुक हिस्सा अमुक प्रदेशाचा, अशी शेंकडेवारी मांडली होती. कागद खोटा असूं शकतो, रक्त खोटें बोलत नाहीं, असें त्यांचें म्हणणें पडलें. रक्त खरें बोलतें कीं खोटें, हा प्रस्तुत लेखकाचा विषय नव्हे. परंतु रक्तांतील लेख वाचतांना तो कोणत्या प्रतीशीं ताडून वाचला, हा प्रश्न मात्र सर्वस्वीं आपला आहे. त्या निमित्तानें इ. स. २००१ पासून प्रसिद्ध होत आलेल्या मानवी जीनोमच्या आवृत्त्या, एखाद्या पोथीच्या आवृत्त्या पाहाव्या तशा, शक्य तितक्या बारकाईनें पाहिल्या. लेखकाचें आयुष्य संस्कृत शिकविण्यांत गेलें आहे, जीवशास्त्रांत नव्हे. तेव्हां पुढील परीक्षण संपादनाचें आहे, प्रयोगशाळेचें नव्हे.

प्रथम ग्रंथाचें स्वरूप. वर्णमाला अवघ्या चार अक्षरांची. विस्तार सुमारे तीनशें पांच कोटि अक्षरांचा. हा मजकूर तेवीस गठ्ठ्यांत बांधलेला आहे. यांसच गुणसूत्रें म्हणतात. प्रत्येक मनुष्याजवळ प्रत्येक गठ्ठ्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली व एक बापाकडून. तीन तीन अक्षरांचा एक शब्द, व प्रत्येक शब्दास प्रथिनांतील एक घटक, अशी या लिपीची किल्ली आहे. ती १९६१ ते १९६६ या वर्षांत उलगडली, व त्या कामीं हरगोविंद खुराना यांचा वांटा मोठा असल्यामुळें १९६८ सालच्या नोबेल पारितोषिकांत त्यांचें नांव आहे. महानुभावांची सकळ लिपि राजवाडे व भावे यांनीं उलगडली तेव्हां बंद पेट्यांतील शेंकडों पोथ्या एकदम बोलूं लागल्या. येथेंहि तसेंच घडलें.

परंतु लिपि वाचतां आली म्हणजे ग्रंथ कळला असें नव्हे. प्रथिनें कशीं घडवावीं हें सांगणारा मजकूर या सर्व विस्तारांत शेंकडा दोनहूनहि कमी आहे. निम्म्याहून अधिक भाग नुसत्या पुनरुक्तीचा. त्यांत सुमारे तीनशें अक्षरांची ‘आलू’ नांवाची एक ओळ दहा लक्षांहून अधिक ठिकाणीं आली असून, तिनें एकटीनें ग्रंथाचा सुमारे दहावा हिस्सा व्यापिला आहे. शेंकडा आठ भाग तर प्राचीन काळीं आंत शिरलेल्या विषाणूंचे अवशेष. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर मूळ ग्रंथ थोडा आणि प्रक्षेप फार. २०१२ सालीं ‘एन्कोड’ नांवाच्या मोठ्या प्रकल्पानें यांतील शेंकडा ऐंशी भाग कार्यकारी आहे असें जाहीर केलें, व पुढच्याच वर्षीं त्यावर कडक टीका झाली. टीका रास्त होती असें म्हणणें प्राप्त आहे. कोणत्या ना कोणत्या रेणूचा एखाद्या अक्षरास स्पर्श होतो, एवढ्यावरून त्या अक्षरास अर्थ आहे असें ठरत नाहीं. कसरीचा स्पर्श पोथीच्या प्रत्येक पानास होत असतो.

मात्र प्रक्षेप व त्रुटि यांचाच संशोधकास खरा उपयोग असतो, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. याचें सर्वांत सुंदर उदाहरण आपल्या दुसऱ्या गुणसूत्रांत सांपडतें. चिंपांझी, गोरिला इत्यादि वानरांजवळ गठ्ठ्यांच्या चोवीस जोड्या आहेत, मनुष्याजवळ तेवीस. एक गठ्ठा गेला कोठें? प्रत्येक गुणसूत्राच्या दोन्ही टोंकांस टीटीएजीजीजी हीं सहा अक्षरें सारखीं, शेंकडों वेळां, लिहिलेलीं असतात. पोथीच्या शेवटीं ठराविक पुष्पिका असावी तशीं. १९९१ सालीं असें दिसून आलें कीं, मनुष्याच्या दुसऱ्या गुणसूत्राच्या मध्यें, जेथें समाप्तीचें कांहीं कारण नाहीं तेथें, ही पुष्पिका एकदां सुलट व लगेच पुढें उलट अशी आली आहे. दोन गठ्ठे टोंकास टोंक लावून एकत्र बांधले गेले, व दोहोंच्या पुष्पिका मध्येंच राहून गेल्या, हाच त्याचा अर्थ. दुसरी खूण याहून मौजेची आहे. ताडपत्राच्या पोथीस दोरी ओंवण्याचें छिद्र असावें तसा प्रत्येक गुणसूत्रास एक बंधबिंदु असतो. या जोडगठ्ठ्यांत कामाचा बंधबिंदु एकच आहे. परंतु दुसऱ्याची बुजलेली जागा अद्याप ओळखूं येते. दोन प्रकरणांची एक पोथी करणाऱ्या लेखनिकानें मधली पुष्पिका जशीच्या तशी उतरलेली ज्यांनीं पाहिली असेल, त्यांस या पुराव्याविषयीं संशय राहण्याचें कारण नाहीं. मक्षिकास्थानीं मक्षिका हा न्याय निसर्गासहि सुटलेला नाहीं.

दुसरें उदाहरण नात्याच्या निर्णयाचें. बहुतेक सस्तन प्राणी ‘क’ जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरांत तयार करितात; मनुष्य व वानर यांस तें आहारांतून घ्यावें लागतें. कारण असें कीं, तें तयार करणारा जो परिच्छेद आहे, तो आपल्या प्रतींत आहे खरा, पण मोडका. तोच परिच्छेद चिंपांझीच्या प्रतींतहि मोडका आहे, व मोड पुष्कळ ठिकाणीं तीच आहे. गिनीपिग नांवाच्या प्राण्यांतहि हा परिच्छेद बिघडला आहे, परंतु तेथील बिघाड निराळा. दोन प्रतींत शुद्ध पाठ समान असणें हा नात्याचा पुरावा नव्हे, कारण शुद्ध पाठ कोणाकडेहि असूं शकतो. समान अशुद्धि हाच पुरावा. आणि परिणाम एकच असूनहि अशुद्धि निराळी असेल तर ती स्वतंत्र चूक. पाठचिकित्सेचा हा पहिला धडा येथें असा तंतोतंत लागूं पडतो कीं, दोन्ही शास्त्रें एकाच गुरूकडे शिकलीं असें वाटावें.

आतां संपादनाकडे वळूं. पहिला कच्चा खर्डा २००१ च्या फेब्रुवारींत दोन निरनिराळ्या मंडळ्यांनीं प्रसिद्ध केला. काम पुरें झाल्याची घोषणा २००३ च्या एप्रिलांत झाली. २००४ सालीं जी सुधारलेली संहिता निघाली तींतहि ३४१ ठिकाणीं खंड होते, व एकंदर ग्रंथाचा सुमारे शेंकडा आठ भाग वाचलाच गेला नव्हता. न वाचलेला भाग बहुतांशी पुनरुक्तीचा. एकच ओळ हजार वेळां आली असतां आपण कोणत्या ओळीवर आहों हें लेखनिकास जसें समजत नाहीं, तसें यंत्रासहि समजत नसे. हें वैगुण्य क्षम्य आहे. पूर्ण झालें असें म्हणण्याची घाई तेवढी क्षम्य नाहीं.

खरा आक्षेप याहून खोल आहे. ही संहिता कोणाची? १९९७ सालीं अमेरिकेंतील बफेलो शहरांत वर्तमानपत्रांतून जाहिरात देऊन रक्तदाते मिळविले, व त्यांच्या प्रतींचे तुकडे एकत्र जोडून ही संहिता सिद्ध केली. तिचा सुमारे शेंकडा सत्तर भाग एकाच अनामिक पुरुषाचा आहे. उरलेला वीसएक जणांचा, जसा हातीं आला तसा. अर्थात् या संहितेसारखा जीनोम असलेला मनुष्य जगांत कधींच जन्मलेला नाहीं. एवढ्यानें दोष येत नाहीं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची महाभारताची चिकित्सित आवृत्ति जशीच्या तशी कोणत्याहि एका पोथींत आढळत नाहीं. परंतु सुखटणकर प्रभृति संपादकांनीं एकंदर १,२५९ हस्तलिखितें मिळविलीं, त्यांच्या वाचना लाविल्या, वाचनांचें परस्परांशीं नातें ठरविलें, आणि प्रत्येक पाठ कां स्वीकारला याचा हिशेब तळटीपांत दिला. बफेलोच्या संहितेंत असा विवेक नाहीं. ती मूलप्रत नव्हे, बहुमताचा पाठ नव्हे, प्राचीनतम पाठहि नव्हे. ती केवळ प्रथम हातीं आलेली प्रत आहे. गोदाकांठच्या कोपरगांवचे नीलकंठ चतुर्धर यांचा महाभारताचा पाठ छापखान्यांत आधीं गेला म्हणून पुढें जसा तोच प्रमाण मानला गेला, तसेंच हें झालें. आणि नीलकंठांनीं निदान अनेक प्रती मिळवून निवड केली होती.

परिणाम काय झाला, याचें एक उदाहरण पुरे. रक्त गोठविणाऱ्या पांचव्या घटकाच्या परिच्छेदांत एका अक्षराचा दोष कांहीं लोकांत आढळतो. त्यानें शिरांत गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. २००९ च्या आवृत्तींत हा दोषच मूळ संहितेंत छापला गेला होता! त्यामुळें जगांतील बहुतेक निरोगी मनुष्यांच्या प्रतींपुढें ‘पाठभेद’ अशी खूण पडूं लागली, आणि ज्यांच्याजवळ तो दोष होता त्यांची प्रत मात्र शुद्ध ठरली. २०१३ च्या आवृत्तींत ही चूक दुरुस्त केली आहे. आपल्याकडे अशा चुकीनें फार तर एखाद्या ओवीचा अर्थ बिघडतो.

२०२२ सालीं प्रसिद्ध झालेली संहिता अधिक प्रामाणिक आहे. तिनें पूर्वीचे खंड भरून सुमारे वीस कोटि अक्षरें नव्यानें जोडलीं. तिचा आधार एकच पेशीवंश असून, त्यांतील दोन्ही प्रती पित्याच्याच एका प्रतीवरून झालेल्या, म्हणून त्यांत अंतर्गत पाठभेद जवळजवळ नाहींत. पुरुषत्वाचें वाय गुणसूत्र त्यांत नसल्यामुळें तें दुसऱ्या व्यक्तीच्या प्रतीवरून २०२३ सालीं पुरें केलें. एकप्रतीय आवृत्ति म्हणून ही निर्दोष आहे, व आपण एकप्रतीय आहों हें ती लपवीत नाहीं. त्याच वर्षीं सत्तेचाळीस व्यक्तींच्या प्रती एकमेकींशेजारीं मांडून समग्र जीनोमचा पहिला मसुदा निघाला. पाठभेद तळटीपेंत न टाकतां संहितेंतच वाटा फुटाव्या तसे दाखवावे, ही त्याची योजना. लेखकाच्या मतें हीच दिशा बरोबर आहे. लीळाचरित्राची मूळ प्रत धाडींत हरवून तें स्मरणावरून पुन्हा बांधलें गेलें व त्याचे निरनिराळे पाठ चालत आले. तेथें एकच पाठ खरा मानून बाकीचे फेंकून देणारा संपादक जितकें मिळवितो त्याहून अधिक गमावितो.

या सर्वाचा गोदावरी व मांजरा यांच्या कांठच्या माणसाशीं संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध जवळचा आहे. नांदेड जिल्हा १९५६ पर्यंत ज्या राज्यांत होता त्याच्या राजधानींत, म्हणजे हैदराबादेस, पेशीय व रेण्वीय जीवशास्त्राचें जें केंद्र आहे, तेथील व इतरत्रच्या संशोधकांनीं २००९ सालीं एक गळती प्रसिद्ध केली. हृदयाच्या स्नायूंतील एका प्रथिनाच्या परिच्छेदांत पंचवीस अक्षरें गळालेली प्रत भारतीय उपखंडांतील शेंकडा चार लोकांजवळ आहे, व इतर खंडांतील मूळ रहिवाशांत ती जवळजवळ नाहीं. हृदयविकाराशीं तिचा संबंध त्यांनीं दाखविला. पुढें, दोष खुद्द या गळतीचा कीं तिच्या शेजारच्या दुसऱ्या पाठभेदाचा, असा वाद झाला. वाद मिटो न मिटो. बफेलोची प्रत एकटीच कितीहि वेळां वाचून ही गळती कोणास दिसली नसती. २०२५ च्या जानेवारींत भारत सरकारच्या प्रकल्पानें सुमारे दहा हजार भारतीयांच्या प्रती संशोधकांकरितां फरिदाबाद येथें खुल्या केल्या, ही गोष्ट म्हणूनच मोठ्या महत्त्वाची आहे. तथापि संग्रहाचें मोल संख्येवरून ठरत नाहीं, प्रती कोठून आणल्या यावरून ठरतें. एकाच पेठेंतील शंभर पोथ्या बहुधा एकाच पोथीच्या नकला निघतात.

दूरच्या गांवच्या एका प्रतीनें काय साधतें, हें किनवट व माहूर यांच्या उदाहरणावरून दिसेल. माहूरचें नांव आपण दत्तस्थान म्हणून व महानुभाव पंथाच्या इतिहासासाठीं घेतों. त्याच डोंगरपट्ट्यांत गोंड, कोलाम, आंध इत्यादि समाज राहतात, व त्यांत सिकलसेल नांवाचा रक्तविकार आढळतो. रक्तांतील लाल द्रव्याच्या एका परिच्छेदांत सहाव्या शब्दाचें मधलें अक्षर ए असावें तेथें टी पडलें, एवढीच ही चूक. दोन्ही प्रतींत ती असेल तर लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन मनुष्य आयुष्यभर वेदना भोगतो. एकाच प्रतींत असेल तर उलट हिंवतापापासून बचाव होतो. हिंवतापाच्या जंगलांत ही चूक टिकून राहिली ती यामुळें.

हीच चूक आफ्रिकेंतहि आहे. मग ती एकदां झाली कीं अनेकदां? १९८६ सालीं कांहीं विद्वानांनीं या अक्षराच्या शेजारची अक्षरें मोजक्या ठिकाणीं तपासून असा निर्णय दिला कीं, भारत व अरबस्थान येथील प्रतींत शेजारचा मजकूर आफ्रिकेहून निराळा आहे, म्हणून येथील चूक स्वतंत्र. तर्क आपल्या पद्धतीचाच, व वर्षानुवर्षें तो मान्य होता. २०१८ सालीं श्राइनर व रोटिमी यांनीं मोजक्या ठिकाणांऐवजीं आजूबाजूचा सर्व मजकूर वाचून, चूक एकदांच, आफ्रिकेंत, सुमारे ७,३०० वर्षांपूर्वीं झाली, व पुढें नकलांच्या मिश्रणानें शेजारचा मजकूर बदलत गेला, असें प्रतिपादिलें. काळाविषयीं अद्याप एकवाक्यता नाहीं. लेखकास दुसरा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो, कारण पांच-सहा ओळी ताडून वाचना ठरविणें हें केव्हांहि धोक्याचें. परंतु निर्णय कायम होण्यास किनवट-माहूर, तसेंच गोंडवनांतील प्रती सबंध वाचून ताडल्या पाहिजेत. यांत केवळ जिज्ञासा नाहीं. अरबी-भारतीय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रतींत शेजारच्या एका पाठभेदामुळें गर्भावस्थेंतील रक्तद्रव्य मोठेपणींहि अधिक तयार होतें व विकार सौम्य होतो, असें समजत असत. मध्य भारतांतील अनुभव असा कीं, येथेंहि तीव्र स्वरूपाचे रोगी पुष्कळ आहेत. दूरच्या प्रतीवरून बांधलेला नियम जवळच्या रोग्यास लावणें बरें नव्हे.

आतां वंशावळीकडे येतों. पोथीची नक्कल एका आदर्श प्रतीवरून होते. मनुष्याची तशी होत नाहीं. दर पिढीस आई व बाप हे दोघेहि आपापल्या दोन प्रतींचीं पानें अदलाबदल करून एक मिश्र प्रत तयार करितात, व तीच पुढें देतात. शिवाय प्रत्येक अपत्यांत साठ-सत्तर अक्षरें नव्यानें बदलतात, व बापाचें वय जितकें अधिक तितकीं अधिक; सहाशें कोटि अक्षरांत एवढ्या चुका म्हणजे कोणत्याहि लेखनिकास हेवा वाटावा. या मिश्रणामुळें सबंध मनुष्याचा प्रतिवंश कधींच काढतां येत नाहीं, फक्त एकेका परिच्छेदाचा काढतां येतो. दहा पिढ्या मागें गेल्यास पूर्वजांचीं स्थानें १,०२४ होतात, व त्यांतील पुष्कळांचें एकहि अक्षर आजच्या वंशजाजवळ उरलेलें नसतें. बापाकडून मुलाकडे येणारें वाय गुणसूत्र व आईकडून येणारा पेशीतील एक लहानसा स्वतंत्र लेख, हे दोनच सरळ रेषेनें चालतात. आणि त्या १,०२४ पैकीं प्रत्येकीं एकाच पूर्वजाची ते साक्ष देतात. कसरीनें खाल्लेल्या दोन नांवांची साक्ष यांपैकीं कोणीच देत नाहीं. अक्षरांत नांव नसतें, वतन नसतें, दत्तकपत्र तर नसतेंच. आणि ज्या वंशावळींत दत्तक नाहीं अशी मराठवाड्यांत मला तरी अजून भेटलेली नाहीं.

शुद्ध रक्ताचा अभिमान बाळगणाऱ्यांनीं आणखी एक गोष्ट लक्षांत घ्यावी. २००९ व २०१३ सालच्या अभ्यासांत भारतांतील बहुतेक सर्व समाज दोन प्राचीन वाचनांच्या मिश्रणानें झालेले आढळले, व तें मिश्रण सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वींच्या काळांत चाललें होतें. जातींतल्या जातींत विवाहाची चाल त्यानंतर घट्ट झाली. या वाचनांस ‘उत्तर’ व ‘दक्षिण’ अशीं जीं नांवें दिलीं आहेत, तीं संपादकाच्या सोयीचीं चिन्हें होत. पोथ्यांस क, ख, ग म्हणावें तशीं. तीं जातींचीं नांवें समजून भांडणें म्हणजे सुखटणकरांच्या चिन्हांवरून गोत्र ठरविणें आहे. राखीगढीच्या एका स्त्रीच्या अस्थींवरून २०१९ सालीं डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे व त्यांचे सहकारी यांनीं जो लेख प्रसिद्ध केला, त्यावर दोन्ही बाजूंनीं जो गदारोळ झाला तो एका प्रतीच्या, तीहि फार जीर्ण प्रतीच्या, आधारावर होता. लेख संयमानें लिहिलेला आहे. वाचकांनीं तो संयम पाळला नाहीं.

संग्राहकांनीं यापुढें रक्ताच्या प्रती गोळा करण्याच्या कामीं मदत करावी, अशी विनंति त्यांस होऊं लागेल. किनवटच्या पाड्यांवर ती झाल्यास नवल नाहीं. त्या वेळीं आपल्याच धंद्याचा जुना दोष आठवावा. मठांतून, वाड्यांतून पोथ्या ‘पाहावयास’ म्हणून नेल्या, पावती दिली नाहीं, आणि पुढें त्या कोणत्या कपाटांत गेल्या हें धन्यास कळलें नाहीं, असे प्रकार थोडे झाले नाहींत. ज्याची प्रत त्यास ती कशाकरितां घेतली हें त्याच्या भाषेंत सांगितलें पाहिजे, आणि तींत रोगाचें कांहीं आढळल्यास तें प्रथम त्यासच कळविलें पाहिजे.

लातूरच्या स्नेह्यांचा छापील कागद मीं परत पाठविला. त्याच्या समासांत पेन्सिलीनें एवढेंच लिहिलें : ताडून पाहिलेल्या प्रती कोणत्या व कोठच्या, हें दिलेलें नाहीं. वंशावळीची नक्कल मात्र ठेवून घेतली आहे.